इंजिन ऑइल कसं तयार होतं? बेस ऑइल, ॲडिटिव्ह आणि शाळेतलं विज्ञान



आपल्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी एखादी दुचाकी असतेच. काहींच्या घरी ट्रॅक्टर असतो, कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाच्या काकांचं गॅरेज असतं. या सगळ्या गाड्यांना ठरावीक काळाने ऑइल लागतं. ते ओततात कुठे हे मुलांना माहीत असतं. पण ते तयार कसं होतं, असं विचारलं तर बहुतेक मुलं सांगतात, "सर, जमिनीतून निघतं." अर्धं उत्तर बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्या उत्तरात मिश्रण, शेकडेवारी, आम्ल-आम्लारी, कार्बनी संयुगे, विष्यंदिता असे विज्ञान-गणिताचे कितीतरी घटक एकाच ठिकाणी सापडतात.

आणखी एका कारणासाठी हा पाठ घ्यावा असं मला वाटतं. चुकीचं किंवा बनावट ऑइल वापरून इंजिनचं काम निघालं, तर साध्या घरात महिन्याचं गणित कोलमडतं. घरातल्या मुलाला किंवा मुलीला डब्यावरचं वाचता आलं, तर हे नुकसान टळू शकतं. म्हणून हा पाठ मुलांबरोबर पालकांनीही वाचावा.

१. ऑइलचं काम काय?

"घर्षण कमी करणं" हे उत्तर मुलं लगेच देतात. ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. फळ्यावर ही पाच कामं लिहून घ्या :

• धातूच्या दोन भागांमध्ये पातळ थर ठेवून झीज थांबवणे.
• पिस्टन आणि बेअरिंगची उष्णता वाहून नेणे.
• जळणातून तयार होणारी काजळी आणि गाळ साठू न देणे.
• जळणातून तयार होणारी आम्लं मारणे, गंज रोखणे.
• पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यातली फट भरून वायू निसटू न देणे.

आता मुलांना विचारा, ही पाचही कामं एकच तेल करू शकेल का? नाही करू शकत. म्हणूनच इंजिन ऑइल हे एक पदार्थ नसून मिश्रण असतं. साधारणपणे त्यात ७० ते ९० टक्के भाग बेस ऑइलचा आणि उरलेला भाग ॲडिटिव्हचा असतो. भाजीत मसाला असतो तसं समजा. पण इथे मसाला चवीपुरता नसतो. तो नसेल तर भाजीच टिकत नाही.

२. बेस ऑइल येतं कुठून?

रिफायनरीत कच्च्या तेलाचं प्रभाजी ऊर्ध्वपातन होतं. पेट्रोल, रॉकेल, डिझेल वर निघून जातात आणि तळाशी जड भाग उरतो. हा भाग आणखी तापवला तर उकळण्याऐवजी त्याचे रेणू तुटायला लागतात. मग काय करायचं? हवेचा दाब कमी करायचा. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो. डोंगरावर पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, तेच तत्त्व. याला निर्वात ऊर्ध्वपातन म्हणतात आणि त्यातून वंगणाच्या तेलाचे पातळ-दाट भाग वेगळे होतात.

पण हे तेल अजून कच्चंच असतं. जुन्या पद्धतीत फुरफ्युरालसारख्या द्रावकाने त्यातली नको असलेली ॲरोमॅटिक संयुगं काढतात आणि मग मेण काढून टाकतात. मेण का काढायचं? थंडीत खोबरेल तेलाची बाटली आठवा. उलटी केली तरी थेंब पडत नाही. तेलात मेण राहिलं तर थंड सकाळी इंजिनमध्येही तेल असंच अडून बसेल.

नव्या पद्धतीत उत्प्रेरकाच्या मदतीने, जास्त दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करतात. असंपृक्त आणि ॲरोमॅटिक रेणू संपृक्त होतात, गंधक निघून जातं. 'कार्बनी संयुगे' शिकवताना संपृक्त आणि असंपृक्त हा फरक आपण रेघा काढून दाखवतो. तोच फरक इथे लिटरच्या भावात दिसतो. संपृक्त तेल हवेतल्या ऑक्सिजनला सहज दाद देत नाही, म्हणून जास्त टिकतं.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे एपीआयने बेस ऑइलचे पाच गट केले आहेत :

• गट १ : संपृक्त भाग ९० टक्क्यांपेक्षा कमी किंवा गंधक ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त.
• गट २ : संपृक्त भाग ९० टक्के किंवा अधिक, गंधक ०.०३ टक्के किंवा कमी.
• गट ३ : गट २ सारखंच शुद्ध, पण विष्यंदिता निर्देशांक १२० किंवा त्याहून जास्त. (गट १ आणि २ मध्ये तो ८० ते १२० असतो.)
• गट ४ : पॉलिअल्फाओलेफिन, म्हणजे लहान रेणू जोडून कारखान्यात बनवलेलं कृत्रिम तेल.
• गट ५ : वरच्या चार गटांत न बसणारं सगळं, उदा. एस्टर.

आपल्या मुंबईत माहुलला हिंदुस्तान पेट्रोलियमची रिफायनरी आहे. ती देशातली सर्वांत मोठी ल्यूब रिफायनरी म्हणून ओळखली जाते. बेस ऑइलपासून तयार ऑइल बनवणारे ब्लेंडिंग प्लांटही आपल्या जवळच आहेत : माझगाव, वडाळा, पाताळगंगा आणि शेजारी सिल्व्हासा. म्हणजे हा धडा परदेशातला नाही, आपल्या दारातला आहे.

३. विष्यंदिता : दाटपणाचं गणित

द्रव वाहायला जो विरोध करतो, ती त्याची विष्यंदिता. साध्या बोलीत दाटपणा. तेल तापलं की पातळ होतं, थंड झालं की दाट होतं. ते किती बदलतं हे सांगणारा आकडा म्हणजे विष्यंदिता निर्देशांक. ही पद्धत १९२९ साली डीन आणि डेव्हिस यांनी मांडली. आकडा जितका मोठा, तितका तापमानाने होणारा बदल कमी.

आता डब्यावरचं '१०डब्ल्यू-३०' वाचू. डब्ल्यू म्हणजे विंटर, वजन नव्हे. एसएईच्या प्रमाणानुसार मागचा ३० हा आकडा सांगतो की १०० अंश सेल्सिअसला तेलाची विष्यंदिता ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या दरम्यान आहे. ४० असेल तर १२.५ ते १६.३. पुढचा १०डब्ल्यू सांगतो की उणे २५ अंशांवरच्या स्टार्टिंगच्या चाचणीत तेल पास झालं आहे. २०डब्ल्यूसाठी ही चाचणी उणे १५ अंशांवर होते.

मुलं विचारतील, "आपल्याकडे उणे २५ कुठे असतं?" प्रश्न योग्य आहे. पण सकाळी किक मारल्यावर पहिले काही क्षण ऑइल खालून वर पोचायचं असतं. जे तेल थंडीत कमी दाट, ते लवकर पोचतं. म्हणून पहिला आकडा पुण्या-नाशकातही कामाचा आहे, आणि लेहला जाणाऱ्या ट्रकला तर फारच.

आता खरी गंमत. समजा आपल्याकडे दोन बेस ऑइल आहेत. १०० अंशाला एकाची विष्यंदिता ५ आणि दुसऱ्याची ११ सेंटीस्टोक. दोन्ही निम्मी-निम्मी मिसळली तर उत्तर काय येईल? मुलं म्हणतील, ५ अधिक ११ भागिले २, म्हणजे ८. पण प्रत्यक्षात साधारण ७.२ येतं! विष्यंदितेची साधी सरासरी चालत नाही, पातळ तेलाचा प्रभाव जास्त पडतो. म्हणून ब्लेंडिंगवाले लॉगॅरिदमवर आधारलेलं सूत्र वापरतात. सगळ्या राशी सरासरीने वागत नाहीत, हे मुलांना कळण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

४. ॲडिटिव्ह : कोण काय करतं?

डिटर्जंट : कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार. गरम पिस्टन स्वच्छ ठेवतात आणि आम्लांचं उदासिनीकरण करतात. आम्ल मारण्याची ही शिल्लक टीबीएन या आकड्याने मोजतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आलं आणि गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आली. गंधक कमी, म्हणून त्यापासूनचं आम्लही कमी.

डिस्पर्संट : काजळीच्या बारीक कणांना वेढून त्यांना वेगवेगळं ठेवतात, एकत्र जमून गाळ होऊ देत नाहीत. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे आणि एक तेलाकडे असतं, हे आपण शिकवतो. इथे एक टोक काजळीला धरतं आणि लांब शेपटी तेलात राहते.

झीजरोधक : झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट असं लांबलचक नाव आहे, गॅरेजच्या जगात झेडडीडीपी. १९४० च्या दशकापासून ते वापरात आहे. जिथे तेलाचा थर तुटून धातूला धातू घासतो, तिथे ते पृष्ठभागावर संरक्षक पापुद्रा तयार करतं. धातूऐवजी तो पापुद्रा झिजतो आणि पुन्हा तयार होतो.

विष्यंदिता सुधारक : लांब साखळीचे पॉलिमर. थंडीत ते गुंडाळून बसतात, तापल्यावर पसरतात आणि पातळ होणाऱ्या तेलाला आधार देतात.

ऑक्सिडीभवनरोधक : गरम तेल आणि हवेतला ऑक्सिजन यांची अभिक्रिया लांबवतात.

प्रवाहबिंदू कमी करणारे : उरल्यासुरल्या मेणाच्या स्फटिकांची जाळी होऊ देत नाहीत.

फेसरोधक : सिलिकॉनचे अगदी थोडे अंश. दहा लाख भागांत मोजके काही भाग पुरतात. एवढ्याशा प्रमाणात असूनही ते नसेल तर तेलाचा फेस होतो, आणि फेस वंगण देऊ शकत नाही.

५. प्लांटमध्ये एक बॅच कशी होते?

समजा १००० किलोची बॅच करायची आहे. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक कंपनीचा फॉर्म्युला वेगळा असतो.

• पातळ बेस ऑइल : ६२० किलो
• दाट बेस ऑइल : २०० किलो
• विष्यंदिता सुधारकाचं द्रावण : ८० किलो
• ॲडिटिव्हचं तयार पॅकेज : ९८ किलो
• प्रवाहबिंदू कमी करणारं : २ किलो

कुणी हुशार मुलगी विचारेल, "पॉलिमर कशाला? दाट बेस ऑइलच वाढवायचं ना!" तसं केलं तर तेल १०० अंशाला पास होईल, पण थंडीच्या परीक्षेत नापास. दोन्ही परीक्षा एकाच वेळी पास व्हायच्या असतील, तर पातळ बेस ऑइल आणि पॉलिमर यांची जोडी लागते.

आता कामाचा क्रम पाहू.

पहिलं, टँकरमधून आलेल्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. पास झाल्याशिवाय माल टाकीत उतरत नाही.

दुसरं, बेस ऑइल मोजून मोठ्या किटलीत घेतात आणि साधारण ६० अंशांच्या आसपास तापवतात. पातळ झालं की ते नीट मिसळतं. फार तापवलं तर झेडडीडीपीसारखे घटक बिघडतात.

तिसरं, पॉलिमर घन असेल तर तो आधीच बेस ऑइलमध्ये विरघळवून ठेवलेला असतो, कारण त्याला वेळ लागतो. मग ठरलेल्या क्रमाने ॲडिटिव्ह घालतात आणि ढवळत राहतात. पाण्याचा थेंबही जाऊ नये याची काळजी घेतात. पाण्याने तेल गढूळ होतं आणि काही ॲडिटिव्ह खराब होतात.

चौथं, नमुना पुन्हा प्रयोगशाळेत. ४० आणि १०० अंशांना विष्यंदिता, ज्वलनांक, टीबीएन, कॅल्शियम आणि झिंकचं प्रमाण तपासतात. आकडा चुकला तर थोडं बेस ऑइल किंवा ॲडिटिव्ह घालून दुरुस्ती करतात आणि पुन्हा तपासतात.

पाचवं, गाळून डब्यात भरतात आणि प्रत्येक डब्यावर बॅच नंबर छापतात.

लक्षात घ्या, बेस ऑइल आणि ॲडिटिव्ह यांना इथे नवा पदार्थ बनवायचा नसतो, फक्त एकजीव व्हायचं असतं. ॲडिटिव्हच्या खऱ्या अभिक्रिया होतात त्या पुढे, इंजिनमध्ये.

गणिताचा प्रश्न : या तेलाची घनता दर लिटरला ०.८७ किलो असेल, तर १००० किलोतून ९०० मिलिलिटरचे किती डबे भरतील? १००० भागिले ०.८७ म्हणजे सुमारे ११४९ लिटर. त्याला ०.९ ने भागलं की १२७७ डबे. किलो आणि लिटर एकच नाहीत, हे इथे पक्कं होतं.

६. गॅरेजमध्ये ऐकू येणाऱ्या गोष्टी

"ऑइल लगेच काळं झालं, म्हणजे हलकं आहे." तसं नाही. काजळी तेलात धरून ठेवली म्हणून ते काळं दिसतं, म्हणजे डिस्पर्संट काम करतोय. बदलायची वेळ रंगावरून नव्हे, गाडीच्या पुस्तकावरून ठरवावी.

"जितकं दाट तितकं चांगलं." नाही. कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलं असताना जास्त दाट ऑइल घातलं, तर ते उशिरा पोचतं आणि इंधनही जास्त जातं.

"वरून एक बाटली पॉवरची घाला." ॲडिटिव्ह एकमेकांशी धातूच्या पृष्ठभागावर जागेसाठी भांडतात. एक वाढवलं तर दुसऱ्याला जागा मिळत नाही. शिवाय फॉस्फरस जास्त झाला तर सायलेन्सरमधला उत्प्रेरक निकामी होत जातो. प्रयोगशाळेत जुळवलेला तोल अंदाजाने घातलेल्या बाटलीने सुधारत नाही.

"कारचं महाग ऑइल उरलंय, बाइकमध्ये घालू." इथे थांबा. बहुतेक मोटारसायकलींत क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, त्यांनी क्लच सटकू शकतो. घाटात मागे माणूस बसलेला असताना क्लच सटकला तर? म्हणून बाइकच्या डब्यावर 'जासो एमए' हे चिन्ह बघा. गिअर नसलेल्या बहुतेक स्कूटरसाठी 'एमबी' असतं. शेवटी गाडीचं पुस्तक सांगेल ते खरं.

"सुटं ऑइल स्वस्त पडतं." सुट्या ऑइलला बॅच नंबर नसतो. त्यात काय आहे हे कुणी सांगू शकत नाही, जुनं ऑइल गाळून दिलेलंही असू शकतं. सील आणि उत्पादनाची तारीख बघूनच डबा घ्या, समोर ओतायला सांगा आणि रिकामा डबा कापून टाका, म्हणजे त्यात कुणी बनावट माल भरणार नाही.

७. वर्गातला प्रयोग

साहित्य : मेडिकलमधून ग्लिसरीन, पाणी, सायकलचे छर्रे, तीन सारख्या उंच पारदर्शक बाटल्या, घड्याळ.

पहिल्या बाटलीत ग्लिसरीन, दुसरीत पाणी, तिसरीत वजनाने निम्मं-निम्मं मिश्रण. तिसऱ्या बाटलीत छर्रा किती वेळात तळाशी जाईल, याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहायला सांगा. बहुतेक जण मधली वेळ लिहितील. मग छर्रा सोडा. ग्लिसरीनमध्ये तो सावकाश जातो, पण मिश्रणात जवळजवळ पाण्यासारखाच सुळकन खाली! २० अंशाला शुद्ध ग्लिसरीन पाण्याच्या सुमारे १४०० पट दाट असतं, पण निम्मं पाणी मिसळलेलं फक्त सहापट. तेलात हा फरक इतका मोठा नसतो, पण दिशा तीच. नंतर ग्लिसरीनची बाटली कोमट पाण्यात ठेवून पुन्हा वेळ मोजा.

या प्रयोगासाठी गाडीचं वापरलेलं ऑइल मात्र आणू नका. त्यात जळणातून आलेली घातक संयुगं असतात आणि ती वारंवार कातडीला लागणं चांगलं नाही.

८. वापरलेल्या ऑइलचं काय?

आपल्याकडे जुनं ऑइल सेंटरिंगच्या प्लेटांना लावतात, दाराच्या लाकडाला फासतात, कधी वाळवीसाठी जमिनीत ओततात. जमिनीत ओतलेलं ऑइल पावसाबरोबर विहिरीकडे जातं. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे.

आणि इथे पाठातली सर्वांत सुंदर गोष्ट येते. वापरलेल्या ऑइलमध्ये ॲडिटिव्ह खर्च झालेले असतात, घाण साठलेली असते, पण बेस ऑइलचे बहुतेक रेणू शाबूत असतात. निर्वात ऊर्ध्वपातन आणि हायड्रोजन प्रक्रिया करून ते पुन्हा बेस ऑइल म्हणून वापरता येतं. मिश्रणाचे घटक वेगळे करता येतात, ही पुस्तकातली ओळ इथे खरी ठरते.

पालकहो, गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा : "जुनं ऑइल कुठे देता?" चार गिऱ्हाइकांनी विचारलं की उत्तर बदलायला लागतं.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात एखादा मुलगा वडिलांच्या गॅरेजवर सुट्टीत बसत असेल, वहीत मागे पण पान्यांचे नंबर पाठ असलेला. हा पाठ घेताना त्याला पुढे बोलवा. कोणत्या गाडीला कोणता ग्रेड, क्लच प्लेट ऑइलमध्ये कशी बसते, हे त्याला सांगू द्या. सूत्र तुम्ही लिहा, उदाहरण त्याचं असू द्या. विज्ञान आपलंही आहे, हे त्याला एकदा कळलं की पुढचा धडा तो स्वतःच उघडेल.

घरी करण्यासाठी :
१) घरातल्या गाडीचं पुस्तक आणि ऑइलचा डबा यांवरचा ग्रेड जुळतो का, ते पाहा.
२) १००० किलोच्या बॅचमधल्या प्रत्येक घटकाची शेकडेवारी काढा आणि वर्तुळालेख काढा.
३) पातळ बेस ऑइल दाट बेस ऑइलच्या किती पट आहे? गुणोत्तर लिहा.
४) तुमच्या गावात जुनं ऑइल कुठे जातं, याची माहिती तीन गॅरेजमध्ये विचारून दहा ओळींत लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं वर्गात मोठ्याने वाचून घ्या. चर्चेला तास पुरणार नाही.